मैत्री की मोहीम? 'पाच नावं' योजनेवर मला बोलायचंय

नगरची लेक:
आमच्या तरुण संघाच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक योजना आली. चर्चची पायरी कधी न चढलेल्या पाच जणांची नावं वहीत लिहायची. पहिल्या आठवड्यात चहाला बोलवायचं. दुसऱ्यात घरातली अडचण काढून घ्यायची. तिसऱ्यात आपली साक्ष, म्हणजे प्रभूनं आपलं आयुष्य कसं बदललं ते, सांगायची आणि चौथ्यात प्रार्थनासभेला आणायचं. महिन्याभरात 'फळ', म्हणजे विश्वासाकडे वळल्याची खूण, दिसलं नाही तर नाव खोडून पुढचं घ्यायचं. खाली आमेनची रांग. मी हरकत घेतली तर उत्तर आलं, 'ताई, तुम्हाला आत्म्यांचं ओझंच नाही.' म्हणजे लोकांच्या तारणाची मला कळकळ नाही. ते मनाला लागलं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

माझी आजी राहुरीकडच्या एका गावात राहायची. डोळे गेल्यावर तिला पवित्र शास्त्र (बायबल) वाचून दाखवायला घरात कुणी नव्हतं. शेजारची मुलगी शाळेतून आली की दप्तर ओट्यावर टाकायची आणि आजीला स्तोत्रं वाचून दाखवायची. मध्ये 'सेला' आलं की दोघी थांबायच्या, कारण त्याचा अर्थ दोघींनाही माहीत नव्हता. वाचन झालं की आजी चाचपडत तिची वेणी घालायची. सात-आठ वर्षं हे चाललं. घर हिंदू, मुलगी हिंदूच राहिली, तिचं लग्न झालं, ती चाकणला गेली. आजी वारली तेव्हा दोन एसट्या बदलून आली आणि पेटीशेजारी बसून तेविसावं स्तोत्र तोंडपाठ म्हणाली. आम्हा नातवंडांत कुणालाही ते शेवटपर्यंत येत नव्हतं.

आजीनं हे नाव कुठल्या आठवड्यात खोडायला हवं होतं?

शुभवर्तमानात मार्क ३:१४ काढून बघा. प्रभूनं बारा शिष्य नेमले ते आधी आपल्याबरोबर असण्यासाठी, मग पाठवण्यासाठी. त्या बरोबर असण्याला आपल्याकडे वेळच उरलेला नाही. समोरचा 'नको' म्हणाला की जी मैत्री संपते, ती पहिल्या चहापासूनच खोटी होती असं माझं ठाम मत आहे.

सुवार्तिक, हडपसर:
प्रेज द लॉर्ड, ताई. तुमच्या आजींची आठवण वाचून डोळे भरले. पण निष्कर्ष पटला नाही. बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये', आठवा अध्याय. फिलिप्प त्या हबशी अधिकाऱ्याच्या रथात चढला, शास्त्र उलगडून सांगितलं, वाटेत पाणी लागलं तिथेच बाप्तिस्मा. दोघं पुन्हा भेटले नाहीत. तिथे कुठली सात वर्षं होती?

तुमच्या नगरचेच कवी ना. वा. टिळक घ्या. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक गोरा गृहस्थ भेटला, त्यानं नवा करार हातात ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल म्हणाला. त्याचं नावही टिळकांना कळलं नाही. १८९५ मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला. अनोळखी माणसानं डब्यात तोंड उघडलं नसतं तर तुमच्या उपासनेतली कितीतरी भजनं नसती.

आणि माझं सांगतो. २००९ साली मी एसटी स्टँडच्या बाकावर दारू पिऊन पडलो होतो. एका बंधूनं खिशात सुवार्तेची छापील पत्रिका कोंबली. त्यानं माझ्याशी मैत्री केली नाही, चहाही पाजला नाही. सकाळी ती पत्रिका वाचली म्हणून मी आज जिवंत आहे. त्यानं आधी ओळख वाढवायची ठरवली असती तर माझा मुलगा बापाविना वाढला असता. त्यामुळे 'मोहीम' या शब्दाची मला लाज वाटत नाही.

नगरची लेक:
बंधू, तुम्ही वाचलात याचा मनापासून आनंद आहे. त्या पत्रिकेला मी कधीच नावं ठेवणार नाही. पण टिळकांची गोष्ट तुम्ही डब्यातच थांबवलीत. त्या भेटीनंतर दीड-दोन वर्षं वाचन आणि मनातली झटापट चालली. आणि घरी लक्ष्मीबाई होत्या. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळलं, ताटातूट झाली. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा व्हायला १९०० उजाडलं. तुमच्या योजनेत त्या पहिल्याच महिन्यात बाद झाल्या असत्या. आणि टिळकांचं 'ख्रिस्तायन' हे येशूवरचं महाकाव्य अपुरं राहिलं ते पुढे लक्ष्मीबाईंनीच पुरं केलं.

शेजारी (ख्रिस्ती नाही):
मी तुमच्यातला नाही, पण हे सगळं माझ्याबद्दल आहे म्हणून लिहितो.

आईला मिरजेला ॲडमिट केलं होतं तेव्हा कॉलेजातली एक मैत्रीण दर बुधवारी डबा घेऊन यायची. मुगाची खिचडी, वर तुपाची छोटी वाटी वेगळी. आईच्या उशाशी बसून प्रार्थना करायची. आईला ते आवडायचं, मलाही. नाताळला त्यांच्याकडे जेवलो. पुढे ती सभेला चल म्हणाली, गेलो. शेवटी पुढे येऊन निर्णय घ्या म्हणाले. मी तिला प्रामाणिकपणे सांगितलं की तुमच्या प्रभूबद्दल आदर आहे, पण मी माझं दैवत सोडणार नाही. पुढच्या बुधवारी ती आली नाही. त्यानंतर कधीच नाही.

मधल्या काळात तिची एक वही माझ्याकडे राहिली होती. परत करायची म्हणून उघडली. आखलेला तक्ता होता. माझ्या नावापुढे रकाने: प्रार्थना सुरू, घरभेट, सभा, निर्णय. तीनवर बरोबरच्या खुणा, चौथा मोकळा. आईच्या आजारपणाची तारीख 'संधी' या शब्दाखाली होती.

खिचडी खरी होती, हे मला आजही वाटतं. पण तो शब्द डोक्यातून जात नाही.

मिरजेची नर्स:
शेजारी दादा, हे वाचून मी ड्युटीवर दहा मिनिटं नुसती बसून होते. त्या मैत्रिणीच्या वतीनं माफी मागायचा मला अधिकार नाही, तरी मागते.

पण लेकताई, एक प्रश्न तुम्ही सोडून देताय. ज्या गोष्टीवर मी जगते ती मैत्रिणीला कधीच सांगायची नाही, हे कसलं प्रेम? मनात इच्छा असणं म्हणजे ढोंग नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये विधवांच्या शिक्षणासाठी शारदा सदन काढलं तेव्हा धर्म शिकवणार नाही असा शब्द दिला होता. त्या स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या आणि दार उघडं असायचं. मुली आपणहून येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये केवढं वादळ उठलं! रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. तरी बाईंनी दार लावलं नाही. मला ते दार बरोबर वाटतं. कुणाला ओढून आणायचं नाही आणि आपण लपायचंही नाही.

नगरची लेक:
दाराचं पटलं, पण अर्धंच. त्या मुली बाईंच्या छपराखाली राहत होत्या, त्यांच्यावरच अवलंबून होत्या. अशा वेळी उघडं दारही पालकांना आमंत्रण वाटलं, तर त्यांना सरसकट दोष देता येत नाही. दवाखान्यातल्या खाटेशी तर दुप्पट जपायला हवं.

सुवार्तिक, हडपसर:
शेजारी बंधूंचं ऐकून वाईट वाटलं. 'संधी' हा शब्द चुकला, मान्य. पण एका चुकलेल्या बहिणीवरून सगळ्या सुवार्ताकार्याला फासावर देऊ नका. जुन्या मंडळ्यांना, म्हणजे जुन्या चर्चना, मैत्रीचं एवढं कौतुक आहे, तर तुमच्या मंडळीत गेल्या पाच वर्षांत बाहेरून आलेले किती जण टिकले ते सांगा.

थकबाकीदार सभासद:
मी सांगतो. बाहेरचे सोडा, आतले किती टिकले ते विचारा.

माझे वडील चाळीस वर्षं चर्चमधल्या एकाच बाकावर बसले. शेवटची तीन वर्षं अर्धांगवायूनं अंथरुणावर. त्या तीन वर्षांत मंडळीतून घरभेटी दोन, त्यातली एक हंगामाच्या सणाच्या देणगीची पाकिटं वाटायला. ते गेले त्या सकाळी मी दफनाच्या परवानगीला गेलो. कार्यालयात माझ्यासमोर वर्गणीचं पुस्तक उघडलं. सव्वीस महिने बाकी. 'एवढं मिटवा, मग चिठ्ठी देतो.' बाहेर रिक्षात माझी आई बसलेली. मी मित्राकडून उसने घेऊन भरले. तो मित्र मुसलमान आहे आणि कबर खणायलाही तोच उभा राहिला.

तेव्हापासून मी उपासनेला जात नाही. तुमच्या पाच नावांच्या वहीत मला कुठे बसवाल? बाप्तिस्मा झालाय, दृढीकरणाचा (सभासदत्व पक्कं करण्याचा) विधी झालाय, उपासना-संगीत हे भजनांचं पुस्तक अर्धं पाठ आहे. चर्चला न येणारा मीच आहे.

खजिनदार (दुसऱ्या मंडळीचा):
भाऊ, दुःख समजतं. पण खजिनदाराला राक्षस करून टाकू नका. मी अकरा वर्षं हे काम करतो, फुकट. पाळकांचा पगार, लाइट बिल, डायोसिसचा (धर्मप्रांताचा) वाटा, दफनभूमीची पडकी भिंत हे सगळं वर्गणीवरच चालतं. लोक तीन-तीन वर्षं देत नाहीत आणि लग्न किंवा मयत आलं की 'आमचा हक्क' म्हणून उभे राहतात. त्या दिवशी मागितलं नाही तर पुन्हा फिरकत नाहीत. नियमित देणाऱ्या म्हाताऱ्या पेन्शनर बाईवर हा अन्याय नाही का?

थकबाकीदार सभासद:
माझ्या बापाचं प्रेत घरात असताना तुम्ही मला भिंतीचा हिशोब सांगताय?

खजिनदार:
मी तुम्हाला नाही, पद्धत सांगतोय. आवाज चढवू नका.

थकबाकीदार सभासद:
चढणारच. तीन वर्षं तुमच्यासारख्या एकानं येऊन विचारलं असतं की बाबा, वर्गणी का थांबली, तर कळलं असतं की महिन्याला औषधांनाच पुरत नव्हतं. पुस्तकात बाकी दिसली, पण बाक रिकामा झालेला कुणाला दिसला नाही?

मिरजेची नर्स:
थांबा दोघंही. पण खजिनदार काका, हा शेवटचा प्रश्न खरा आहे. आमच्याकडेही महिला मंडळाच्या भेटी ठरलेल्या पाच-सहा घरांतच होतात, जिथे चहाबरोबर फरसाण असतं. मी स्वतः त्यात होते.

सुवार्तिक, हडपसर:
म्हणूनच लोक आमच्याकडे येतात आणि तुम्ही 'मेंढरं चोरली' म्हणून ओरडता. आम्ही आजाऱ्याच्या घरी रात्री दोनला जातो.

नगरची लेक:
जाता, हे मी पाहिलंय आणि त्याबद्दल तुमच्यासमोर मान झुकवते. आमच्या मंडळीत ते होत नाही. पण बंधू, तो बरा झाला आणि तुमच्याकडे आला नाही, तर तिसऱ्या वेळी रात्री दोनला जाता का? हे टोचायला विचारत नाही. मला खरंच जाणून घ्यायचंय.

सुवार्तिक, हडपसर:
(दोन तासांनी.) नेहमी नाही जात. माणसं कमी आहेत, घरं जास्त. जो ऐकतो त्याच्याकडे पाय आधी वळतात. यात चूक आहे की नाही, मी प्रार्थना करून बघेन. पण मुदत न घालता काम केलं की आळस शिरतो, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय. 'आम्ही मैत्री करतोय' म्हणत वीस वर्षं शेजाऱ्याला येशूचं नावही न सांगणारे किती आहेत! तुमची आजी निदान मोठ्यानं वाचून घेत होती.

नगरची लेक:
हे मान्य करावं लागेल. आजीनं लपवलं नाही. मी मात्र ऑफिसात सहा वर्षं एका मैत्रिणीबरोबर डबा खाते आणि मी दर रविवारी कुठे जाते हे तिला अजून माहीत नाही. तिला वाटेल ही आता मला बाटवणार, या भीतीनं मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याला मी मैत्री म्हणत होते. तुमच्यामुळे हे लिहावं लागलं, त्याचा थोडा रागही आहे.

पण मुदत आणि रकाना मला तरीही चालणार नाही. लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाच्या घरी प्रभू गेला तो मुक्कामाला गेला. आधी पाहुणा झाला. जक्कयानं चौपट परत द्यायचं कबूल केलं ते त्यानंतर.

शेजारी (ख्रिस्ती नाही):
मला एवढंच सांगायचंय की तिनं प्रार्थना केली त्याचा मला कधीच राग नव्हता. 'मला वाटतं तूही यावंस' असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली असती तरी चाललं असतं. मी नाही म्हणालो असतो आणि आम्ही खिचडी खाल्ली असती.

मिरजेची नर्स:
आई आता कशा आहेत?

शेजारी (ख्रिस्ती नाही):
दोन वर्षांपूर्वी गेली. तुपाची वाटी अजून आमच्याकडेच आहे. स्टीलची, तळाला तिच्या आईची अक्षरं कोरलेली.

थकबाकीदार सभासद:
नेऊन द्या दादा. नाहीतर तिला येऊन न्यायला सांगा.

खजिनदार:
विषय पुन्हा वर्गणीवर आणतोय, कारण रात्रभर झोप नाही. थकबाकी माफ करा असं मी अजूनही म्हणणार नाही. मंडळी चालायची तर पैसे लागतातच. पण मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीच्या पुढच्या बैठकीत दोन गोष्टी मांडणार आहे. मयताच्या दिवशी पुस्तक उघडायचं नाही, चिठ्ठी आधी द्यायची, हिशोब महिन्यानंतर. आणि सलग तीन महिने वर्गणी आली नाही तर नोटीस पाठवण्याआधी कुणीतरी घरी जायचं, पावतीपुस्तक न घेता. पास होईलच असं नाही. आमच्याकडे दोन जण नक्की विरोध करतील. तुमच्या मंडळीतही कुणी मांडलं तर बरं.

थकबाकीदार सभासद:
मी मांडायला जाणार नाही. माझा भाऊ अजून जातो, त्याला हे पाठवतो.

खजिनदार:
पाठवा. आणि वडिलांची कबर कुठल्या ओळीत आहे ते मला वेगळं कळवा. पुढच्या आठवड्यात तुमच्या गावी यायचंय.