बीएला इंग्रजी घेणं म्हणजे तीन वर्षं पाण्यात?

सीमावासी: परवा इथं एकानं लिहिलं, "बीएला इंग्रजी साहित्य घेण्यापेक्षा पोरांनी बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथ शिकावी." दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. मी खानापूर भागातला, मराठी माध्यमाचा. पहिल्या वर्षी वर्गात तोंड उघडायची भीती वाटायची. सरांनी शेक्सपिअरचं नाटक ओळ न ओळ फोडून शिकवलं, तेव्हा कळलं की माणूस बोलतो एक आणि त्याच्या पोटात असतं दुसरं, ते शब्दांवरून पकडता येतं. आज वकिलाच्या ऑफिसात करारपत्रं वाचतो, तिथं हेच उपयोगी पडतं. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवायचे आणि कथा मराठीत लिहायचे. कवी ए. के. रामानुजन १९५०च्या दशकात आपल्या बेळगावच्या लिंगराज कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. आणि तुम्ही म्हणता, वाया?

उद्यमबागवाला: ते लिहिणारा मीच. जीए एखादाच होतो, बाकीच्यांचं काय गा? माझा भाऊ इंग्रजीत एमए. गेस्ट लेक्चरर म्हणून राबला. पगार कधी वेळेवर नाही, सुट्टी लागली की घरी बसा. आता फाउंड्रीत हिशेब लिहितो. ते दहावीनंतरच जमलं असतं.

वडगावची ताई: पोरं मूळ पुस्तक उघडतच नाहीत. गाईडमधले सारांश पाठ करून पास होतात. वर कर्नाटकात २०२१ ला डिग्री चार वर्षांची केली, २०२४ ला परत तीन. मधल्या पोरांचे हाल मी घरात बघितलेत.

निपाणीकर: खरं दुखणं कन्नडचं आहे. इंग्रजीत कितीही मार्क पाडा, इथं सरकारी नोकरीला कन्नड लागतंच. म्हणून आमची पोरं महाराष्ट्रातल्या अर्जुननगरला देवचंद कॉलेजात जातात आणि शिवाजी विद्यापीठाची पदवी घेतात.

सीमावासी: विषय इंग्रजीचा आहे, तो वाद इथं नको.

निपाणीकर: का नको? माझ्या पोरीला मराठी शाळेत इंग्रजी शिकवायला आलेल्या बाईंना मराठीचा एक शब्द येत नव्हता. पोरीनं शंका विचारायची कुठल्या भाषेत? तिचं इंग्रजी कच्चं राहिलं ते तिथंच.

टिळकवाडी: म्हणून कन्नडवर राग कशाला? मी शिकलो, माझं काही बिघडलं नाही. शांतिनाथ देसाई कन्नड कादंबरीकार, पण कोल्हापूरला इंग्रजी शिकवत होते.

निपाणीकर: शिकणं वेगळं, लादणं वेगळं! १९५६ ला हा भाग कन्नड राज्यात घातला, तेव्हापासून आम्ही भोगतोय. ह्या भागासाठीचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे. टिळकवाडीत बसून उपदेश करू नका.

टिळकवाडी: माझे वडील ह्याच लढ्यात तुरुंगात गेलेत. मला शिकवू नका. तुमच्या पोरीचं नुकसान झालं, ते मान्य. पण ते कन्नड न शिकून भरून येणार नाही.

वडगावची ताई: दोघंही थांबा की हो. मुलांचं बोला.

उद्यमबागवाला: करारपत्र वाचता येतं, एवढं मानलं. पण भावाच्या गेलेल्या वर्षांचं काय?

सीमावासी: ती वर्षं गेली, खरं आहे. पण त्याला राबवून घेऊन पगार अडवला, तो शेक्सपिअरनं नाही. आमच्याकडं इंग्रजी-मराठी भाषांतराची कामं येतात. भावाला मला फोन करायला सांगा. आणि तो लेथचा सल्ला मागे घ्या.

उद्यमबागवाला: मागे घेत नाही. लेथ येणारा पोरगा उपाशी राहत नाही. भावाला सांगतो, नंबर मेसेजमध्ये टाका.