मदत हवी आहे: कुत्र्याच्या नाकातून रक्त, गोचीड ताप की गाठ? (ठाणे, घोडबंदर रोड)

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर राहणाऱ्या बंड्यासाठी विचारते आहे. मानपाड्याच्या पुढे राहतो आम्ही. नर, वय अंदाजे पाच वर्षं, नसबंदी झालेली नाही. पावसाळा सुरू झाल्यापासून त्याच्या डाव्या नाकपुडीतून रक्त येतंय. रोज नाही, पण शिंकला की फरशीवर लाल शिंतोडे उडतात.

जवळच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. प्लेटलेट्स १ लाख १० हजार, हिमोग्लोबिन ८.५, एर्लिकियाची (गोचिडातून येणारा जिवाणू) कार्ड टेस्ट पॉझिटिव्ह. गोचीड ताप म्हणून डॉक्सिसायक्लिनचा २८ दिवसांचा कोर्स दिला, तो आता संपत आलाय. खाणं सुधारलं, अंगावर गोचीड राहिले नाहीत, पण रक्त काही थांबत नाही. त्यात आता डाव्या डोळ्याखाली, नाकाच्या हाडापाशी फुगवटा दिसायला लागलाय आणि त्याच डोळ्यातून पाणी गळतं.

दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, नाकात टीव्हीटी, म्हणजे व्हेनेरिअल ट्यूमर (कुत्र्यांत समागमातून पसरणारी गाठ) असेल, थेट व्हिनक्रिस्टीन हे केमोचं औषध सुरू करू. रस्त्यावरच्या कुत्र्यांत हा इतका दिसतो की तपासणीवर पैसे घालवायला नको. माझं मन इथेच अडलंय. लिंगापाशी काहीच गाठ नाही, मग टीव्हीटी नाकात कसा? आणि केमोचं औषध अंदाजाने द्यायचं का? पैशांचं मी बघेन, फक्त त्याला चुकीच्या औषधाचा त्रास नको. सोसायटीतली लहान मुलं त्याला सारखी हात लावतात, त्यांच्या आयांनाही मला काहीतरी खात्रीचं सांगायचंय.

कुणी पशुवैद्य असतील किंवा यातून गेले असतील तर कृपया लिहा.

प्रतिसाद (पशुवैद्य, विकृतिशास्त्र शिकलेला आहे)

ताई, तुमची शंका रास्त आहे. आधी स्लाइड (गाठीच्या पेशी काचेवर घेऊन तपासणं), मग व्हिनक्रिस्टीन.

त्या कार्ड टेस्टमध्ये प्रतिपिंडं (अँटिबॉडी) दिसतात, जंतू नव्हे. आपल्याकडे रस्त्यावरच्या कुत्र्यांना गोचीड कायम चावत असतात, त्यामुळे संसर्ग कधीकाळी होऊन गेलेला असला तरी पट्टीवर रेघ उमटते. रेघ खोटी नसते, पण आजचं रक्त त्यामुळेच येतंय असं तिच्यावरून ठरत नाही. इतक्या प्लेटलेट्स असताना आपोआप रक्त सहसा येत नाही. एर्लिकियात प्लेटलेट्सचं कामही बिघडतं, म्हणून आकडा बरा असूनही नाकातून रक्त येणारे कुत्रे मी पाहिलेत. त्यांचा चेहरा मात्र एका बाजूने फुगत नाही. बंड्याच्या बाबतीत आत काहीतरी वाढतंय आणि अश्रुनलिका दाबतंय. ते टीव्हीटी असेल, कार्सिनोमा (नाकाच्या अस्तराचा कॅन्सर) असेल किंवा बुरशीही असेल. व्हिनक्रिस्टीनने यातला टीव्हीटीच बरा होतो, बाकी दोन्हींत वेळ हातचा जातो.

लिंगावर गाठ नसली तरी नाकात टीव्हीटी होतो. हा विषाणू नव्हे. गाठीची जिवंत पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाऊन रुजते. नर मादीला हुंगतात, चाटतात, म्हणून नाकातोंडातला टीव्हीटी नरांत माद्यांपेक्षा ४ ते ५ पट जास्त आढळलाय. जगभरातल्या या सगळ्या गाठी हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्याच्या पेशींची संतती आहेत, हे मला आजही थक्क करतं. कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रं असतात, या गाठीच्या पेशीत ५७ ते ६४. माणसात ती रुजत नाही, तेव्हा मुलांच्या आयांना तसं बिनधास्त सांगा. रेबीजची लस मात्र बंड्याला दिलेली हवी.

नमुना घ्यायला हलकी भूल देऊन नाक सलाईनने धुतात आणि निघालेल्या तुकड्यांचा काचेवर ठसा घेतात. टीव्हीटी असेल तर गोल पेशी, ठळक न्यूक्लिओलस (पेशीकेंद्रातला ठिपका) आणि सायटोप्लाझममध्ये (केंद्राभोवतीच्या द्रवात) सुईने भोकं पाडल्यासारखे स्वच्छ ठिपके दिसतात. तुकडा बरा मिळाला तर बायोप्सीसाठी १० टक्के फॉर्मेलिनमध्ये (तुकडा टिकवणारा द्रव) ठेवा, द्रव तुकड्याच्या दहापट हवा. पण स्लाइड्स त्या बाटलीबरोबर एकाच पिशवीतून नेऊ नका. फॉर्मेलिनच्या वाफेने पेशी नीट रंग घेत नाहीत आणि कुत्र्याला पुन्हा भूल द्यायची वेळ येते. हे फार जणांच्या बाबतीत होतं, म्हणून मुद्दाम लिहितोय. भुलीआधी रक्त पुन्हा तपासा.

या तपासणीसाठी परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा.

टीव्हीटी निघाला तर खचू नका, बहुतेक कुत्रे पूर्ण बरे होतात. इंजेक्शन आठवड्यातून एकदा, साधारण ४ ते ६ वेळा, आणि प्रत्येक वेळी आधी रक्त तपासायचं. पांढऱ्या पेशी ४,००० च्या खाली असतील तर तो आठवडा थांबायचं.

प्रतिसाद (कळवा)

आमच्या गल्लीतल्या कुत्रीला हीच इंजेक्शनं दिली होती. औषध शिरेतच जायला हवं, बाहेर झिरपलं तर तिथलं मांस सडतं. म्हणून बंड्याला घट्ट धरणारं ओळखीचं माणूस सोबत न्या. नंतरचे दोन-तीन दिवस त्याची लघवी, उलटी हातमोजे घालूनच साफ करा. आमची कुत्री आता ठणठणीत आहे, नसबंदीही करून घेतली.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. डॉक्टरांशी बोलले, ते आधी स्लाइड करायला तयार झालेत. परळला विचारून सोमवारी नेईन. दर आठवड्याला तो हाताशी सापडायला हवा, म्हणून उपचार संपेपर्यंत त्याला पार्किंगमध्ये ठेवायला सोसायटीने हो म्हटलंय. ठाण्यात कुणाकडे मोठा पिंजरा वापरायला मिळेल का? मध्यम बांध्याचा आहे, १८ किलो. न्यायला-आणायला मी येईन.