लेफ्ट मेनला स्टेंट? मी नको म्हणालो

नौपाडाकर:
बाबा ७१ वर्षांचे, वीस वर्षं मधुमेह. तलावपाळीची फेरी अर्ध्यात सोडून बाकावर बसायला लागले म्हणून अँजिओग्राफी केली. लेफ्ट मेनमध्ये, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या मुख्य नसेत, ७० टक्के ब्लॉकेज, तेही बरोबर ती दोन नसांत फुटते त्या फाट्यावर. शिवाय पुढे दोन नसांत अडथळे. बाबा टेबलावरच होते आणि मला बाहेर विचारलं, "आत्ताच स्टेंट टाकून घेऊ?" मी नको म्हणालो. घरात सगळे माझ्यावर उखडलेत. पण डाव्या बाजूच्या दोन्ही मोठ्या नसांना रक्त याच एका तोंडातून जातं. तिथला निर्णय पाच मिनिटांत, सही घेऊन? मधुमेह आणि इतके ब्लॉक म्हटल्यावर बायपासच.

वाशीकर_बबन:
पटलं नाही. छाती उघडणं म्हणजे काय हे आधी बघा. माझ्या आईला ७९व्या वर्षी लेफ्ट मेनलाच स्टेंट टाकला. फुप्फुसं अधू, सर्जननेच हात वर केले होते. तिसऱ्या दिवशी घरी, चौथ्या दिवशी मेथी निवडत होती! आणि आकडेच हवेत तर घ्या: लेफ्ट मेनला स्टेंट की बायपास, यावरच्या चार वैद्यकीय चाचण्यांचे ४३९४ रुग्ण २०२१ मध्ये एकत्र तपासले. पाच वर्षांत मृत्यू स्टेंटवाल्यांत ११.२ टक्के, बायपासवाल्यांत १०.२. म्हणजे ठोस फरक नाही.

नौपाडाकर:
अर्धंच वाचलंत. त्याच तपासणीत नंतर आपोआप येणारा हार्ट अटॅक स्टेंटवाल्यांत ६.२ टक्के, बायपासवाल्यांत २.६, आणि पुन्हा प्रोसीजर १८.३ विरुद्ध १०.७. मेथी निवडून झाल्यावर पुढची पाच वर्षंही असतात की.

कळव्याचा_काका:
सगळा कमिशनचा खेळ.

कॅथलॅब_ताई:
काका, स्टेंटच्या किमतीवर २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे. इतकं सोपं नाही ते.
बाकी दोघांचं भांडण वेगवेगळ्या पेशंटवरून चाललंय. त्या चाचण्यांत बहुतेकांचे ब्लॉक कमी किंवा मध्यम गुंतागुंतीचे होते. नौपाडाकर, सिंटॅक्स स्कोअर, म्हणजे ब्लॉक किती गुंतागुंतीचे हे सांगणारा आकडा, काढला का? २२ पर्यंत स्टेंटचा विचार बिनधास्त होतो, ३३ च्या पुढे सहसा सर्जनच. आणि टेबलावर तब्येत स्थिर होती ना? मग थांबलात ते ठीक. कोसळणाऱ्या पेशंटला मात्र अशी चर्चा परवडत नाही.

वाशीकर_बबन:
आईचा स्कोअर १९ होता. ब्लॉक नसेच्या सुरुवातीला, फाट्यावर नाही. हे मान्य.

नौपाडाकर:
आज काढून घेतला. ३६. मंगळवारी कार्डिओलॉजिस्ट आणि सर्जन दोघांना एकत्र भेटतोय. बाबांचा प्रश्न एकच: बायपाससाठी पायातली नस काढली तर मांडी घालून जेवायला बसता येईल का?

कॅथलॅब_ताई:
बसतील, पण थोडा धीर धरायला सांगा. आणि एक छोटी, घट्ट उशी आत्ताच आणून ठेवा. खोकताना छातीशी धरायला लागते.