‘तारण’ बाजार समितीतलं आणि चर्चमधलं

जालनेकर:
परवा सोयाबीन तारण ठेवायला बाजार समितीच्या गोदामावर गेलो. मालाच्या किमतीच्या ७५ टक्के उचल, सहा टक्के व्याज. परत येताना एका चर्चच्या भिंतीवर लिहिलेलं दिसलं, ‘आताच तारणाचा दिवस आहे’. पुतण्या म्हणाला, “काका, इथं बी माल ठेवून घेतात का?” हसलो, पण ते डोक्यातून जाईना. शब्द एकच आहे की दोन?

मोंढेकरी:
एकच, भाऊ. मूळ संस्कृत तॄ, तरून पलीकडं जाणं. ‘देव तारी त्याला कोण मारी’ मधलं तारणं तेच. बाकी बुडाली तरी वस्तू हातात राहते, म्हणून मोंढ्यात तारणानं तरतो तो पैसा देणारा. चर्चमध्ये तरतो तो देणेकरी, म्हणजे पापी माणूस. फरक एवढाच.

चौथी पिढी:
मोंढेकरीदादा, हे आवडलं. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती धर्मोपदेशक नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली, आमचं घराणं तिथलंच. तारणाला ‘मोक्ष’ म्हणणं आमच्यात चालत नाही, कारण त्यात जन्ममरणाचा फेरा गृहीत आहे. तारणात तो नाही.
आता प्रभूची प्रार्थना घ्या. बायबलमधल्या मत्तयाच्या पुस्तकात ‘आमची ऋणे आम्हांस सोड’, लूकच्या पुस्तकात त्याच जागी ‘पापे’. येशूच्या अरामी बोलीत देणं आणि पाप यांना एकच शब्द होता. ७२ च्या दुष्काळात आजीची बोरमाळ सावकाराकडं गेली ती आलीच नाही. ‘ऋणे’ आलं की आजीचा हात गळ्याकडं जायचा. तिला पाप समजायला वेगळं प्रवचन लागलं नाही.

शब्दवेडी:
मग बायबलमधल्याच मार्काच्या पुस्तकातली ‘खंडणी’? येशू आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला, असं आहे. आजच्या पोरांना खंडणी म्हटलं की फोनवरची धमकीच आठवते!

चौथी पिढी:
ताई, खरा घोळ तिथंच आहे. खंडणी दिली, पण कुणाला? चौथ्या शतकात निसाचा ग्रेगरी हा धर्मपंडित म्हणाला, सैतानाला. देहाच्या आमिषात देवत्वाचा गळ लपवून त्याला फसवलं. त्याचाच मित्र, नाझियान्झसचा ग्रेगरी, यावर संतापला: लुटारूला एवढी किंमत? अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म यानं सैतानाला बाजूला सारलं. भोवती सरंजामी व्यवस्था, म्हणून त्याचं पाप म्हणजे धन्याच्या मानाला लागलेला बट्टा, आणि तो भरून देणं आलं. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्व्हिन कायदा शिकलेला, त्याच्याकडं निवाडा आणि शिक्षा. वधस्तंभ तोच. ज्यानं त्यानं आपल्या गावच्या व्यवहारातून तो समजून घेतला. मला यात खोट वाटत नाही, दुसऱ्या कशातून समजणार?

मोंढेकरी:
खोट आहे की! आपल्याकडच्या अनुभवातून पाहिलं तर देवच सावकार होतो. पै न् पै वसूल केल्याशिवाय सोडत नाही.

चौथी पिढी:
त्यावर मत्तयाचा अठरावा अध्याय वाचा, येशूनं सांगितलेली गोष्ट आहे. चाकराचं देणं दहा हजार तालान्त. एक तालान्त म्हणजे सुमारे ६,००० दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराचा एक दिवस. झाले सहा कोटी दिवस! आधी राजा बायकोपोरांसकट त्याला विकायला निघतो, सावकारासारखाच. मग चाकर पाया पडतो आणि राजा बाकीच सोडतो. तारण मागितलं नाही, सातबारा पाहिला नाही. बाहेर पडून तोच चाकर १०० दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. राजाला ते कळल्यावर चाकराची माफी गेली.

जालनेकर:
पुतण्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणतो, “ते ठीक, पण आपलं सोयाबीन कधी सोडवायचं?” मुदत १८० दिवसांची आहे. भाव अजून हललेला नाही.