इंदूरच्या मुलांना वाक्यरचना शिकवायची की नुसतं बोलत राहायचं?

रामबागवाली:
माझा भाचा नऊ वर्षांचा, घरी सगळे मराठी बोलतात, तरी परवा धाकट्या भावावर ओरडला, "नको जा तिकडे!" शब्द तिन्ही मराठी आहेत पण वाक्य हिंदी, 'मत जा' जसंच्या तसं. आपल्याकडे 'जा'चं 'जाऊ' होतं आणि 'नकोस' मागून येतं. तसंच 'मीने सांगितलं', कारण कानात 'मैंने' बसलंय. मराठीत त्याने, तिने होतं पण मी, तू, आम्ही, तुम्ही ह्यांना 'ने' लागतच नाही. आपण मुलांकडून फळं, रंग, आकडे पाठ करून घेतो आणि वाक्य कसं उभं राहतं ते कोणी सांगत नाही. रविवारी आठ-दहा मुलं जमतात आमच्याकडे, तिथे ह्या वेळी केवल, संयुक्त, मिश्र वाक्यं रीतसर शिकवायची असं ठरवलंय. बोला.

लोकमान्यनगरचा दादा:
ताई, नका करू हे. मी शाळेत हिंदीतून सरल, संयुक्त, मिश्र शिकलोय, रट्टा मारला, पेपर दिला, संपलं. मराठी आली ती आजीच्या मागेमागे फिरून. आता बघा, 'पाऊस आला म्हणून शाळा बंद होती' हे संयुक्त, आणि 'शाळा बंद होती कारण पाऊस आला' हे मिश्र. अर्थ एकच! नऊ वर्षांच्या पोराने ह्या फरकाचं करायचं काय? आठवडाभर हिंदी-इंग्रजीचं व्याकरण आहेच, रविवारीही तेच म्हटलं तर येणंच बंद करतील.

निवृत्त बाई:
दादा, फरक आहे हो. 'म्हणून' लावलं की दोन्ही वाक्यं आपापल्या पायावर उभी राहतात, 'कारण' लावलं की पावसाचं वाक्य शाळेच्या आधाराला जातं. पण नावं नका सांगू मुलांना, वाक्यं जोडायला द्या. 'आई घरी आली. आईने चहा केला.' मग 'आई घरी आली आणि तिने चहा केला'. मग 'जेव्हा आई घरी आली तेव्हा तिने चहा केला'. आणि मग 'आईने घरी येऊन चहा केला'. ह्या शेवटच्यात 'आली' गेलं, 'येऊन' झालं, मुख्य क्रियापद एकच उरलं म्हणून ते केवल वाक्य. आणि गंमत बघा, आली तर आईच होती, पण 'केला'मुळे तिला 'ने' लागलं. हे मुलं स्वतः शोधतात तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात, मी चाळीस वर्षं पाहिलेत.
आणि व्याकरण म्हणजे पुण्याची गोष्ट असं समजू नका. मोरो केशव दामले, केशवसुतांचे भाऊ, आपल्या शेजारी उज्जैनला माधव कॉलेजात शिकवायचे. त्यांचं शास्त्रीय मराठी व्याकरण १९११ चं, अजून लोक तेच उघडून बघतात.

माळव्याची सून:
माझा विरोध आहे, आणि कारण वेगळं आहे. मी पुण्याहून लग्न होऊन आले. सासूबाई विचारायच्या, "काय करून राहिलीस?" आणि मी दोनदा त्यांना दुरुस्त केलं, तर त्या माझ्याशी मराठीत बोलायच्याच थांबल्या, सरळ हिंदी. ते परत सुरू व्हायला वर्ष गेलं. आज मला त्याचं फार वाईट वाटतं. 'करून राहिली' नागपूरकडेही बोलतात, ते चूक नाहीये. मुलांना प्रत्येक वाक्याला टोकलंत तर तीही हेच करतील.

रामबागवाली:
'करून राहिलीस'ला मी हात लावणार नाही, शब्द देते. ते माझी आजीसुद्धा म्हणायची. 'नको जा' ती कधीच म्हणाली नसती. माझी रेघ तिथे आहे, जे घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे ते आपलं.

लोकमान्यनगरचा दादा:
आणि उद्या हीच मुलं आजी-आजोबा झाली की? तेव्हा 'नको जा' आपलं होईल ना?

रामबागवाली:
होईल. म्हणून तर आत्ताच घाई आहे मला, अजून घरात 'जाऊ नकोस' म्हणणारं कोणीतरी आहे. बाई, तुमचं पटलं, नावं सांगणार नाही. ह्या रविवारी फक्त 'नको' आणि 'ने', बाकी काही नाही. दादा, तुमच्या मुलीला घेऊन या आणि मागे बसून बघा, कंटाळली तर पोहे खाऊन निघा.

लोकमान्यनगरचा दादा:
येतो. पण माझ्या आईलाही आणतो, तिला बोलू द्या मुलांशी अर्धा तास, आधी.