भिशीच्या सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच नाव! नड होती म्हणून सोडून द्यायचं का?

शिवणवाली_धनकवडी

धनकवडीत आमची बारा बायकांची भिशी आहे. महिना 3000, म्हणजे जिला लागेल तिच्या हातात 36,000. कुणी पोळ्या लाटायला जातं, कुणी माझ्यासारखं फॉल-पिको आणि ब्लाउज करतं, एक अंगणवाडीत मदतनीस आहे. चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात असतात आणि शेजारचं एखादं पोर बोलावून काढायला लावतो, उगाच कुणाला शंका नको म्हणून.

या महिन्यात भिशी चालवणारीलाच लागली. बाकीच्या चहा पिऊन गेल्या, मी कपबशा आवरायला मागे राहिले. माझ्या कोपराने डबा लवंडला. उरलेल्या आठ चिठ्ठ्या गोळा करताना एक उलगडली, तर तिचंच नाव. दुसरी उलगडली, तीही तिचीच. आठच्या आठ तिच्या नावाच्या! निळ्या पेनाने घाईघाईत लिहिलेल्या, दोन-तीन ठिकाणी आडनावावरचा रफारसुद्धा राहिलेला.

विचारलं तर बाई मटकन खालीच बसली. नवऱ्याचं लिव्हर दारूने गेलंय, रक्ताच्या उलट्या झाल्या, दवाखान्यात नेलाय आणि अनामत भरल्याशिवाय तिथले पुढचं काही करेनात. दारूचं बाराजणींत व्हायला नको म्हणून मागितले नाहीत म्हणे. हप्ते शेवटपर्यंत भरीन, कुणाचा रुपया बुडणार नाही, असंही म्हणाली. ते पटतं मला. हप्त्याला तिने कधी उशीर केलेला नाही.

पण गोम पुढे आहे. आमच्यात नड असली तर नंबर मागून घेता येतो. एकीच्या सासूला लकवा मारला तेव्हा सगळ्यांनी मिळून तिला आधी दिला होता, कुणी हूं की चूं केलं नाही. आणि या वेळी दुसरी एक जण लेकीच्या नर्सिंगच्या फीसाठी डोळे लावून बसली होती. चिठ्ठी निघाल्यावर "असू दे, पुढच्या खेपेला" म्हणाली आणि घरी जाऊन कानातले गहाण टाकले.

माणसावर तशी वेळ आली की खोटेपणा माफ होतो का? बाकीच्यांना सांगू का? मोघम नको, सरळ लिहा.

सिंहगड_रोड

नका सांगू. नवरा रक्त ओकत असताना बाईने चिठ्ठ्या प्रामाणिकपणे लिहायच्या, ही अपेक्षा फक्त पोट भरलेला माणूस करू शकतो. पैसे ती भरणारच आहे. मग नुकसान कुणाचं?

कामाचं सांगतो. दवाखाना धर्मादाय असेल तर 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात, आणि तातडीच्या रुग्णाला अनामतीसाठी अडवता येत नाही. तिथल्या समाजसेवा विभागात रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन जा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचंही विचारा. नाहीतर ससून आहेच. हे तिला कुणी आधी सांगितलं असतं तर चिठ्ठ्यांची वेळच आली नसती. बाईला धरून बसण्यापेक्षा अनामत मागणाऱ्याला धरा.

निवृत्त_मास्तर

नुकसान कुणाचं ते वर लिहिलंय की. कानातले गहाण पडलेत. प्रश्न नीट वाचत जा.

छांदोग्य उपनिषदात उषस्ती चाक्रायणाची गोष्ट आहे. कुरुदेशात पीक बुडालेलं, हा उपाशी. एक माहूत कुल्माष, म्हणजे हलकं कडधान्य, खात बसलेला. उषस्तीने त्याच्याकडे मागितलं. माहूत म्हणाला, माझ्या पानातलं उष्टंच उरलंय. उषस्तीने ते घेतलं आणि खाल्लं. मग माहुताने पाणी पुढे केलं, तर म्हणाला, नको, ते उष्टं होईल. माहूत चकित. दाणे उष्टे नव्हते का? उषस्ती म्हणाला, ते खाल्ले नसते तर जगलो नसतो, पाणी मला हवं तिथे मिळतं.

सोवळं-ओवळं सोडून द्या, ते आज कुणाला पटणार नाही. पण सूट किती घ्यायची याचा हिशेब बघा. दाण्यांपुरती घेतली, पाण्याला लावली नाही. आणि मुख्य म्हणजे त्याने मागितलं. तुमच्या भिशीवालीला 36,000 हवे होते हे कबूल. खोट्या चिठ्ठ्या हव्या होत्या का? नव्हत्या, कारण मागण्याची वाट उघडी होती. पैसा नवऱ्याच्या जिवासाठी होता, खोटेपणा अब्रूसाठी. दोन्ही एकाच पावतीत बसवू नका.

वकिलीण

मास्तरांशी सहमत, थोडी भर घालते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम 303 आहे. 5000 रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी, पहिल्यांदाच दोषी ठरलेला माणूस आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली असेल, तर शिक्षा म्हणून समाजसेवा. तिथेही दोषी ठरतोच, फक्त शिक्षा हलकी होते, तीही परत केल्यावर. तुमचं प्रकरण चोरीचं नाही, फसवणुकीकडे झुकणारं आहे आणि कृपा करून पोलिसांत जाऊ नका. पण "परत केलंस का?" हा प्रश्न इथेही लागू पडतो. हप्ते ती भरेलच, ते तसेही भरायचेच होते. गहाणाचं व्याज कोण देणार?

शिवणवाली_धनकवडी

@सिंहगड_रोड, समाजसेवा विभागाचं तिला लगेच कळवलं, कागद गोळा करतेय. त्याबद्दल खरंच आभार. पण पोट भरलेल्यांचं म्हणाल तर आमच्या बाराजणींत कुणाचंच भरलेलं नाही. कानातलेवालीचा नवरा रिक्षा चालवतो, तीही भाड्याची. पैसेवाल्याला टोपी घातली असती तर मीही कदाचित डोळेझाक केली असती. हिने हात घातला तो आपल्याहून गरीब बाईच्या पदरात.

मास्तर, अब्रूचं तुम्ही म्हणता तेवढं हलकं नाही हो. आमच्या गल्लीत बेवड्याची बायको म्हणून एकदा नाव पडलं की पोळ्यांची कामंही जातात, घरात घेत नाहीत लोक. तिने ते जवळून बघितलंय. तरी चिठ्ठ्या लिहिताना आठ वेळा हात थांबवता आला असता, हेही मनातून जात नाही.

व्याजाचं मी तिला बोलले. गप्प राहिली, मग म्हणाली, देते, पण कानातलेवालीला कारण काय सांगू?

सिंहगड_रोड

खरं सांगायचं. फक्त तिला एकटीला. बाकी दहाजणींचं काय अडलंय?

शिवणवाली_धनकवडी

पुढच्या आठजणींचं अडलंय, नंबर त्यांचेही आहेत. कानातलेवालीकडे उद्या दुपारी आम्ही दोघी जातोय, बोलणार ती, मी नुसती बरोबर. बाकीच्यांना एवढंच सांगितलंय की यापुढे चिठ्ठ्या सगळ्यांसमोर लिहायच्या आणि डबा माझ्याकडे राहील. का, म्हणून एकीने विचारलंच. तिला अजून उत्तर दिलेलं नाही.