ऊन ४३ वर गेलंय, पोरांना शाळेत पाठवायचं की घरीच ठेवायचं?

लष्करची आई

नमस्कार, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून लिहितेय. मोठी सातवीत आहे आणि धाकटा दुसरीत. शाळा सकाळी साडेसातला भरते, साडेबाराला सुटते, उन्हाळ्याची सुट्टी लागायला अजून आठ दिवस आहेत आणि काल पारा ४३ वर गेला. आम्ही शिंदे की छावणीत राहतो, शाळा पार दुसऱ्या टोकाला, वॅन सगळ्यांना सोडत सोडत येते आणि आमचा नंबर शेवटून दुसरा, म्हणजे घरी यायला दीड वाजतो. वॅनमध्ये अकरा मुलं, खिडक्या अर्ध्याच उघडतात. परवा धाकटा उतरला तेव्हा तोंड लालबुंद, दप्तर जिन्यातच टाकलं आणि मोरीत जाऊन बसला, मग ओकला, संध्याकाळपर्यंत डोकं दुखतंय म्हणत होता. काल मी त्याला पाठवलं नाही. आज पाठवलं आणि सगळा वेळ जिवात जीव नव्हता.

हे म्हणतात आठच दिवस राहिलेत, हजेरी बुडवू नको, आपण पण गेलोच ना उन्हात. सासूबाई म्हणतात दोघांनाही घरी बसव. पण मी साडेदहाला कामावर निघते, म्हणजे घरी ठेवलं तरी बघणार त्याच, त्यांचं वय ७१, घर वरच्या मजल्यावर, लाइट गेली की कूलर बंद आणि खोलीची भट्टी होते. तुम्ही सगळे काय करताय ते खरंखरं सांगा.

ठाटीपूरचा बाबा

ताई, माझे दोघे जातायत. माझं मत असं आहे की शरीराला उन्हाची सवय हळूहळूच होते, दहा-बारा दिवस तरी लागतात, आठवडाभर कूलरसमोर बसवून मग एकदम बाहेर काढलं की उलट जास्त त्रास होतो. सकाळी पोट भरून खायला घाला, रिकाम्या पोटी अजिबात पाठवू नका, डोक्याला सुती गमछा आणि परत आल्या आल्या कैरीचं पन्हं. आमच्याकडे सातू पण असतो, त्यात गूळ आणि जिरं. हजेरीचं म्हणाल तर ७५ टक्क्यांची अट सीबीएसईच्या बोर्डाच्या परीक्षेला आहे, दुसरीच्या मुलासाठी त्याची धास्ती घ्यायचं कारण नाही. पण रोज घरी ठेवायची सवय लावू नये असं मला मनापासून वाटतं.

मुरारची नर्सताई

मी मुलांच्या वॉर्डात काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते. लांब होईल पण वाचा.

दादा, सवयीचं तुमचं बरोबर आहे, पण ती सवय हळूहळू ऊन वाढतं तेव्हा होते, आठवड्याभरात पारा ३८ वरून ४३ वर गेला तर लहान शरीराला तेवढा वेळच मिळत नाही. मोठ्यांपेक्षा मुलांना घाम कमी येतो आणि वजनाच्या मानाने अंगाची कातडी जास्त असते, म्हणून बाहेरची गरमी ती लवकर ओढून घेतात. शिवाय खेळात असली की तहान लागलीय हे त्यांना कळतच नाही. आणि आपण बातम्यांत जो ४३ ऐकतो तो सावलीतला, हवेशीर पेटीत ठेवलेल्या थर्मामीटरचा आकडा असतो. उन्हात उभ्या बंद गाडीत दहा-वीस मिनिटांत त्यावर अजून दहा डिग्री सहज चढतात.

लष्करच्या ताई, परवा धाकट्याला जे झालं ते हलकं घेऊ नका. डोकं दुखणं, ओकारी, चक्कर, पायात गोळे हा उन्हाचा थकवा. इथे थांबलं तर सावलीत आडवं करून, कपडे सैल करून, अंग ओल्या फडक्याने पुसून, घोट घोट पाणी दिलं की मूल तासाभरात सावरतं. पण मूल असंबद्ध बोलायला लागलं, तोल जायला लागला, झटके आले, हाक मारली तर ओ देत नाही आणि अंग १०४ किंवा त्याच्या वर, तर तो उष्माघात. आपण ज्याला लू लागली म्हणतो त्याचं हे शेवटचं टोक. मग एक मिनिट घालवायचं नाही. एकाने १०८ लावायचा आणि दुसऱ्याने तोपर्यंत अंगावर नळाचं पाणी ओतायचं, पंखा घालायचा, मानेला काखेत जांघेत गार ओली फडकी ठेवायची. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं.

आणि पॅरासिटामॉल देऊन वाट बघत बसू नका, ही चूक मी दर उन्हाळ्यात बघते. इन्फेक्शनच्या तापात मेंदूच अंगाचं तापमान वर नेतो म्हणून गोळी लागू पडते, लू लागते तेव्हा अंग बाहेरच्या आगीने तापलेलं असतं, तिथे गोळी काहीच करत नाही.

ओआरएसची पुडी जेवढ्या पाण्यात सांगितलीय तेवढ्याच पाण्यात घाला, मोठी पुडी एक लिटरची असते. पेल्यात अर्धी पुडी टाकून देणारे खूप आहेत, त्याने मीठ जास्त होतं. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात लहान चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मेडिकलवर ओआरएस म्हणून गोड डबे मिळायचे त्यांच्यावर तर २०२५ मध्ये फूड सेफ्टीवाल्यांनी ते नाव लावायलाच बंदी घातली, ते देऊ नका.

माझं स्पष्ट मत, परवा त्रास झालेल्या मुलाला चार-पाच दिवस पाठवू नका. एकदा उन्हाचा त्रास झाला की पुढचे काही दिवस शरीर कमजोर असतं आणि परत लवकर पडतं. मोठीचं वेगळं बघा.

जुने दौलतगंजकर

सूनबाई, मी ७८ वर्षांचा आहे, लष्करातच जन्म. तुमचे हे म्हणतात ना आम्ही पण गेलो, तर खरं सांगतो, आम्ही असे गेलो नाही. आमच्या वेळी एप्रिलमध्ये परीक्षा आटोपायची आणि नवीन वर्ग जुलैत, पाऊस पडल्यावर भरायचे. आता नवीन सत्र १ एप्रिललाच सुरू होतं, म्हणून ऐन उन्हात पोरं नवी पुस्तकं घेऊन निघतात. आणि शाळा पायी दहा मिनिटांवर असायची, सगळा रस्ता गल्लीतला, दोन्हीकडे दगडी घरं आणि सावली. वॅनमध्ये तासभर कोणी बसत नव्हतं. वडील प्रवासाला निघाले की कापडाची छागल बरोबर असायची, कापड पाझरून ओलं राहायचं आणि वाऱ्याने पाणी गार व्हायचं. मुलांच्या बाटलीला जुना सुती मोजा ओला करून चढवून द्या, तेच काम होतं. आमची आई खिशात कांदा पण द्यायची.

मुरारची नर्सताई

आजोबा, मोज्याचं एकदम बरोबर, आपल्याकडची कोरडी हवा आहे तोवर ते छान चालतं. कांदा मात्र जेवणात कापून खाल्ला तर ठीक, खिशातल्या कांद्याने लू थांबत नाही आणि त्या भरवशावर कोणी पाणी कमी पिऊ नये.

हजीऱ्याची शिक्षिका

मी सरकारी शाळेत शिकवते, त्यामुळे मला हा प्रश्न जरा वेगळा दिसतो. इथे घरी ठेवायचं बोलणं चाललंय, पण माझ्या वर्गातली अर्धी मुलं पत्र्याच्या एका खोलीत राहतात, आईबाप कामावर गेलेले, ती घरी राहिली तर दुपारी एकटी त्या पत्र्याखाली नाहीतर रस्त्यावर. शाळेची इमारत जुनी आहे, भिंती जाड, छत उंच, अकरा वाजेपर्यंत वर्गात बसवतं. आणि शाळा बंद म्हणजे मध्यान्ह भोजन बंद, काही मुलांचं दिवसातलं पोटभर जेवण तेच असतं. म्हणून ऊन वाढलं की सरसकट शाळा बंद करा असं कोणी म्हटलं की मला गलबलतं. वेळ बदला, साडेसातऐवजी साडेसहाला भरवा, अकराच्या आत सोडा, खेळाचा तास काढून टाका, पण जेवण देऊन सोडा.

वेळ बदलायचा आदेश आपल्याकडे कलेक्टर काढतात. त्याची वाट बघत बसण्यापेक्षा दर मंगळवारी कलेक्ट्रेटमध्ये जनसुनवाई असते तिथे दहा-पंधरा पालकांनी सह्यांचा अर्ज द्यावा, नाहीतर १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. एकट्या पालकाच्या अर्जापेक्षा सह्यांचा अर्ज जास्त ऐकला जातो, हे मी स्वतः बघितलंय. अर्जात हवामान खात्याची व्याख्याच लिहा. मैदानी भागात पारा ४० च्या वर आणि नेहमीपेक्षा साडेचार डिग्री जास्त असला तर उष्णतेची लाट धरतात, आणि नेहमीचा आकडा काहीही असो, ४५ झाला तर लाटच, ४७ झाला तर तीव्र लाट. त्यांच्या मौसम ॲपवर जिल्ह्याचा यलो, ऑरेंज, रेड असा रंग रोज येतो.

लष्करच्या ताई, तुमची गोष्ट वाचून एक विचारायचंय. मुलं बाटली भरलेली परत आणतात का रिकामी? आज बघा.

लष्करची आई

बाई, तुम्ही विचारलंत म्हणून बघितलं. धाकट्याची रिकामी होती. मोठीची जवळजवळ भरलेली, एक लिटरची बाटली, दोन घोट प्यायली असेल. मला वाटत होतं मोठी समजूतदार आहे, तिची काळजी नाही, सगळं लक्ष धाकट्याकडेच होतं.

आधी नुसतं तहान नाही लागली म्हणाली. रात्री जवळ घेऊन विचारलं तेव्हा बोलली. शाळेत मुलींच्या बाथरूमच्या दाराची कडी तुटलीय, नळाला पाणी नसतं, म्हणून ती आणि तिच्या दोघी मैत्रिणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत, म्हणजे जावं लागणार नाही. एप्रिल लागल्यापासून. सकाळी घरून निघाल्यावर दीड वाजता घरी आल्यावरच जाते. मला इतकं वाईट वाटलं की मी तिच्यासमोरच रडले. गेले पंधरा दिवस ती आल्यावर चिडचिड करते आणि मी तिला रागावत होते.

मुरारची नर्सताई

ताई, स्वतःला दोष देऊ नका, हे खूप घरांत चाललंय आणि मुली सांगत नाहीत. लघवी गडद पिवळी होत असेल, जळजळ असेल तर डॉक्टरांना दाखवा, लघवी रोखून धरल्याने मुलींना इन्फेक्शन पटकन होतं. उद्यापासून घरून निघायच्या आधी एक पेला आणि आल्यावर हळूहळू दोन पेले तरी. पण खरा इलाज तो कडी आणि तो नळच आहे.

ठाटीपूरचा बाबा

हे वाचून मी आत जाऊन माझ्या मुलीला विचारलं. तिचंही तेच निघालं, तिच्या शाळेत बाथरूम ठीक आहे पण वर्ग चालू असताना जाऊ देत नाहीत आणि मधल्या सुट्टीत रांग लागते. मी काल इथे एवढं लिहून गेलो आणि घरातलंच मला माहीत नव्हतं. ताई, मी माझं म्हणणं बदलतो, धाकट्याला घरीच ठेवा.

केरळमध्ये २०१९ पासून शाळांत पाणी प्यायची वेगळी घंटा वाजवतात, घंटा झाली की सगळ्यांनी एकदम प्यायचं. ते आपल्याकडे मागता येईल, पण बाथरूमशिवाय त्या घंटेचा मुलींना काय उपयोग.

आणि वॅनचं, आम्ही मागच्या वर्षी चार घरांनी मिळून एक केलं. वॅन सकाळी ठेवली, दुपारची बंद केली. दुपारी आम्ही चौघे बाप आळीपाळीने आणायला जातो, एका दिवशी एकाची सुट्टीची वेळ साधायची, गाडीच्या काचा आधी दहा मिनिटं उघड्या ठेवायच्या. पंधरा मिनिटांत मुलं घरी. तुमच्या बाजूला कोणी असेल तर बघा.

लष्करची आई

सगळ्यांचे खूप आभार, काय झालं ते सांगते. धाकटा आता सुट्टी लागेपर्यंत घरी. एकट्या सासूबाईंवर सोडायचं नाही म्हणून तो दुपारी खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे झोपेल, त्यांची खोली तळमजल्यावर आहे, दगडी, लाइट गेली तरी बसवतं. खिडकीला वाळ्याचे पडदे आहेत, त्यावर पाणी मारायचं काम त्याने स्वतःहून मागून घेतलंय.

मोठी म्हणते मी जाईन, तिला नवीन वर्ग आवडलाय. हिच्या दोन मैत्रिणींच्या आयांना फोन केला, दोघींनाही काही माहीत नव्हतं. एकीने तर फोनवरच मुलीला हाक मारून विचारलं. आज आम्ही तिघी सकाळी शाळेत जाऊन आलो, बाथरूम स्वतः बघितलं, कडीचं आणि पाण्याचं लेखी देऊन पोच घेतली. संध्याकाळपर्यंत कडी बसली असं मोठीने सांगितलं, पाणी अजून बादलीनेच भरतायत. दुपारी हे आणायला जाणार आहेत, त्यांनी ऑफिसात बोलून जेवणाची सुट्टी पुढे घेतली, मला सांगावं लागलं नाही.

वेळ बदलायच्या अर्जावर आत्तापर्यंत सतरा सह्या झाल्यात. मंगळवारी घेऊन जाणार. बाई, तुमच्या शाळेच्या मुलांच्या जेवणाची गोष्ट पण त्यात लिहायचीय, अकराच्या आत सोडा पण जेवण देऊन सोडा असं. कसं लिहायचं ते सांगाल का, तुम्हाला नियम माहीत आहेत.

हजीऱ्याची शिक्षिका

आज रात्रीच लिहून पाठवते. अठरावी सही माझी घ्या.